पावडरचं दूध बाळाला देताना: डबा निवडण्यापासून वाटी धुऊन ठेवेपर्यंत

कोणत्या कंपनीचा डबा घ्यायचा यावर घरात भरपूर चर्चा होते. डबा घरी आला की मात्र पावडर अंदाजाने पडते, पाणी 'उकळून गार केलेलं' म्हणजे सकाळी कधीतरी उकळलेलं असतं आणि दुपारी बनवलेली बाटली संध्याकाळी पुन्हा तोंडाला लावली जाते. पावडरच्या दुधावरच्या बाळांचे बहुतेक त्रास इथून सुरू होतात. भारतात रीतसर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डब्याला पोषणाचे ठरलेले निकष पाळावेच लागतात. त्यामुळे निरोगी बाळाच्या बाबतीत कंपनीपेक्षा पाणी, चमचा आणि घड्याळ या तीन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

खालची माहिती पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या, निरोगी बाळांसाठी आहे. अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या किंवा आजारी बाळाचं दूध, प्रमाण आणि पद्धत त्याच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्यायची.

## टप्पा १: डबा आणण्याआधी

पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. पावडर सुरू करण्याचं घरोघरी सांगितलं जाणारं कारण एकच असतं: 'दूध पुरत नाही'. ते खरंच पुरत नाही की तसं वाटतंय, हे आधी तपासा. पाचव्या दिवसानंतर बाळाचे २४ तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील, लघवी फिकट असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय. बाळ रडतं, तासाभरात पुन्हा मागतं किंवा आईची छाती मऊ लागते, एवढ्यावरून दूध कमी आहे असं ठरत नाही.

खरोखर कमी पडत असेल तर पावडरीच्या जोडीने स्तनपान सल्लागाराचीही मदत घ्या. दोन्ही एकत्र चालू शकतं. बाळ जितकं अंगावर ओढेल तितकं दूध टिकतं, म्हणून आधी अंगावर पाजून मग लागेल तेवढंच वरचं द्यावं. थेट बाटलीने सुरुवात केली की अंगावर ओढणं कमी होतं आणि हळूहळू दूध खरंच आटायला लागतं.

नवजात विभागात दाखल असलेल्या बाळासाठी मातृ दुग्धपेढीची (दान केलेलं आईचं दूध देणारी पेढी) चौकशी जरूर करा. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून अशी पेढी आहे, पुण्यातही काही मोठ्या रुग्णालयांत आहेत.

## टप्पा २: वयानुसार डबा निवडणं

भारतात डब्यांवर १, २, ३, ४ असे आकडे असतात. १ म्हणजे जन्मापासून सहा महिने, २ म्हणजे सहा महिन्यांनंतर. ३ आणि ४ हे एक वर्षाच्या आसपास आणि पुढे.

यातला एकच नियम कडक आहे: सहा महिन्यांच्या आत २ नंबरचा डबा द्यायचा नाही. त्यातली प्रथिनं आणि क्षार वरचा आहार सुरू झालेल्या बाळाच्या हिशेबाने ठेवलेले असतात. उलट दिशेने एवढी घाई नसते. सहा महिने पूर्ण झाले आणि १ नंबरचा अर्धा डबा शिल्लक आहे, तर तो खुशाल संपवा. १ नंबरचंच दूध वर्षभर चालू ठेवलं तरी, वरचा आहार नीट चालू असेल तर, चालतं. ३ आणि ४ नंबरच्या डब्यांची निरोगी मुलाला गरज नसते.

डबा हातात घेतल्यावर पाहायच्या गोष्टी:

- वय आणि नंबर, मोठ्या अक्षरांत.
- घटकांची यादी. १ नंबरच्या डब्यात कर्बोदकांचा मुख्य स्रोत लॅक्टोज, म्हणजे दुधातली नैसर्गिक साखर, असावा. सुक्रोज, म्हणजे आपली साखर, दिसली तर तो डबा परत ठेवा.
- एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक. बाहेरून आलेल्या डब्यावर आयातदाराच्या नाव-पत्त्याचं लेबलही हवं.
- वापरायची शेवटची तारीख आणि बॅच क्रमांक. दोन्हींचा फोटो काढून ठेवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या कारखान्याची पावडर बाजारातून परत मागवली गेली, तेव्हा घरातला डबा त्यातलाच आहे का हे लोकांना बॅच क्रमांकावरूनच कळलं.
- डबा फुगलेला, चेपलेला, गंजलेला किंवा आतलं सील सैल असलेला नको.

भारतातल्या १९९२ च्या कायद्यानुसार (२००३ मध्ये तो आणखी कडक झाला) या डब्यांवर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापता येत नाही, जाहिरात करता येत नाही आणि मोफत नमुने किंवा भेटवस्तू वाटता येत नाहीत. 'आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम' ही सूचना डब्यावर असावीच लागते. गुबगुबीत बाळाचा फोटो असलेला डबा भारतीय बाजारासाठी बनलेला नाही, आणि फुकट नमुना देणारा माणूस कायदा मोडतो आहे.

ही पावडर बाळाच्या दुधाची नव्हे: चहाकॉफीत घालायची दूध पावडर, डेअरी व्हाइटनरचे डबे, नाचणी किंवा तांदळाची बाळखीर आणि मोठ्यांची प्रोटीन पावडर. किराणा दुकानात हे सगळं एकाच फळीवर शेजारी शेजारी असतं आणि घाईत चुकीचा डबा उचलला जातो. सुटी पावडर तर कधीच घेऊ नका.

गाईचं, म्हशीचं किंवा शेळीचं दूध पाणी घालून पातळ केलं तरी ते पावडरच्या दुधाची जागा घेत नाही. त्यात लोह फार कमी असतं, तर प्रथिनं आणि क्षार बाळाच्या मूत्रपिंडाला झेपण्यापेक्षा जास्त असतात. पाणी घातल्यावर ऊर्जाही कमी होते. शेळीच्या दुधात फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व अगदीच कमी असतं. 'ए टू' दुधालाही हेच सगळं लागू होतं.

## टप्पा ३: खास डबे, आणि ते कुणी ठरवायचे

सोया, लॅक्टोज-विरहित, 'एआर' (गुळणी कमी करणारं), हायड्रोलाइज्ड (प्रथिनं फोडलेलं), अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं: हे सगळे औषधासारखे डबे आहेत. शेजारणीच्या बाळाला मानवलं म्हणून आपल्याकडे आणायचे नाहीत.

सर्वांत जास्त गोंधळ लॅक्टोजचा होतो. बाळाच्या शीमध्ये रक्ताचे धागे, अंगावर गांधी, सतत उलट्या, वजन न वाढणं, अशी लक्षणं असतील तर गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असू शकते. लॅक्टोज-विरहित डब्यात तेच प्रथिन असतं, फक्त लॅक्टोज काढलेलं असतं. म्हणजे डबा बदलला, पैसे गेले आणि ॲलर्जी जिथल्या तिथे. शेळीच्या दुधाच्या पावडरीचंही तसंच, कारण दोन्ही प्रथिनं एकमेकांच्या फार जवळची आहेत. अशा बाळाला प्रथिनं पूर्ण फोडलेली पावडर लागते आणि ती डॉक्टर लिहून देतात.

थोडे वायू, थोडी गुळणी आणि संध्याकाळचं रडणं यासाठी दर आठवड्याला डबा बदलू नका. नवं दूध मानवतंय की नाही हे कळायला काही दिवस जावे लागतात. रोज बदललं तर काहीच कळत नाही.

## टप्पा ४: भांडी

शक्य असेल तर वाटी-चमचा किंवा बोंडलं वापरा. बाटलीच्या बुचात (निपलमध्ये) आणि झाकणाच्या आट्यांत दूध अडकून राहतं, वाटीत तशी अडचणीची जागाच नसते. ज्यांना बाटलीच सोयीची आहे त्यांनी निदान सहा-सात बाटल्या ठेवाव्यात. दोन बाटल्यांवर दिवस काढायचा म्हटलं की निर्जंतुक करणं चुकवलं जातंच. प्लास्टिकच्या बाटलीवर आयएसआय चिन्ह आणि आयएस १४६२५ हा क्रमांक पाहा. ओरखडे पडलेली बाटली आणि चिकट झालेलं किंवा भोक मोठं झालेलं बूच टाकून द्या.

क्रम असा:

१. दूध पाजून झाल्या झाल्या बाटली सुटी करा: बूच, कडी, झाकण, बाटली. सुकलेल्या दुधाचा थर नुसत्या उकळण्याने निघत नाही.

२. साबण आणि गरम पाण्याने ब्रशने घासा. बूच उलटं करून आतून चोळा आणि त्याच्या भोकातून पाणी दाबून काढा. हा ब्रश घरच्या इतर भांड्यांना लावायचा नाही.

३. खळखळत्या पाण्याने भरलेल्या पातेल्यात सगळं पूर्ण बुडवा. बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढा भाग कोरडाच राहतो, म्हणून बाटली आडवी करून आत पाणी शिरू द्या.

४. पुन्हा उकळी फुटल्यापासून १० मिनिटं मोजा. गॅसवर ठेवल्यापासून नाही.

५. झाकण ठेवून पाणी त्याच भांड्यात निवू द्या. उकळलेल्या चिमट्याने एकेक वस्तू बाहेर काढा. फडक्याने पुसू नका. ओट्यावरच्या फडक्यात सगळ्यात जास्त जंतू असतात.

वाटी, चमचा आणि चमच्याने ढवळणार असाल तर तो चमचाही यातच घाला. डब्यातलं माप मात्र उकळायचं नाही. ते कोरडंच राहायला हवं.

तपासा: बूच प्रकाशात धरून पाहा. आतून किंचित पांढुरकं किंवा चिकट वाटलं तर दुसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात.

## टप्पा ५: पाणी

इथे बहुतेक घरं चुकतात. एक गोष्ट पक्की समजून घ्या: दुधाची पावडर निर्जंतुक नसते. सीलबंद डब्यातही क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे जंतू थोड्या प्रमाणात असू शकतात. कोरड्या पावडरीत ते निपचित पडून असतात, कोमट दुधात भराभर वाढतात. क्रोनोबॅक्टरचा संसर्ग क्वचित होतो, पण लहानग्या बाळात तो रक्तात आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून पाणी उकळून पूर्ण गार करून त्यात पावडर घालण्यात अर्धंच काम होतं. पाण्यातले जंतू मेले, पावडरीतले तसेच राहिले.

जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत अशी: पाणी खळखळून उकळा आणि ते ७० अंश सेल्सिअसच्या खाली जाण्याआधी त्यात पावडर घाला. दोन-तीन महिन्यांच्या आतलं बाळ, अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि प्रतिकारशक्ती कमी असलेलं बाळ यांच्यासाठी ही पद्धत सोडू नका.

अनेक डब्यांवर 'कोमट पाणी' लिहिलेलं असतं. काही पावडरींत उपयोगी जिवाणू घातलेले असतात आणि गरम पाण्यात ते मरतात. हा फरक डॉक्टरांना दाखवा. आमचं मत स्पष्ट आहे: लहान बाळाच्या बाबतीत त्या जिवाणूंचा फायदा सोडून दिलेला परवडतो, संसर्गाचा धोका परवडत नाही.

७० अंश ओळखायचे कसे? स्वयंपाकघरातला सळईचा थर्मामीटर सगळ्यात उत्तम. तो नसेल तर निदान एक लिटर पाणी उकळा, गॅस बंद करा, झाकण ठेवा आणि १५ ते २० मिनिटांत वापरा. अर्धा तास ही शेवटची मर्यादा आहे. कपभर पाणी छोट्या पातेल्यात उकळलं तर ते काही मिनिटांतच ७० च्या खाली जातं, तिथे अर्ध्या तासाचा हिशेब लागू होत नाही. रात्रीसाठी चांगला स्टीलचा थर्मास आधी उकळत्या पाण्याने विसळा, मग उकळतं पाणी काठोकाठ भरा. तुमच्या थर्मासमध्ये पाणी किती तास ७० च्या वर राहतं हे एकदा मोजून ठेवा.

कोणतं पाणी: नळाचं पाणी गाळून, उकळून चालतं. आरओचं किंवा बाटलीबंद पाणीही निर्जंतुक नसतं, तेही उकळायचं. एकदा उकळलेलं पाणी पुन्हा पुन्हा उकळत ठेवू नका.

बोअरच्या पाण्याचा प्रश्न वेगळा आहे. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट, फ्लोराइड आणि मीठ तसंच राहतं, उलट पाणी आटल्यामुळे थोडं दाट होतं. नायट्रेट जास्त असलेलं पाणी पोटात गेलं तर लहान बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळसर पडतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत फ्लोराइड, तर अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात क्षार ही जुनी तक्रार आहे. अशा भागात पाणी तपासून घ्या आणि अहवाल येईपर्यंत चांगल्या आरओचं पाणी उकळून वापरा.

## टप्पा ६: दूध बनवणं

९० मिलीचं दूध बनवायचं आहे असं धरू. भारतातल्या बहुतेक डब्यांत ३० मिली पाण्याला एक सपाट माप असतं. तुमच्या डब्यावर काय लिहिलंय ते वाचा, आधीच्या डब्यावरून ठरवू नका.

१. ओटा पुसा, हात साबणाने २० सेकंद धुवा, हवेवर कोरडे होऊ द्या.

२. आधी पाणी. ७० अंशांवरचं ९० मिली पाणी बाटलीत घ्या. बाटली ओट्यावर सपाट ठेवा आणि वाकून डोळा रेषेच्या पातळीत आणून वाचा. हातात धरून वरून पाहिलं की ५-१० मिलीचा फरक सहज पडतो. वाटीने पाजणार असाल तरी मोजायचं खुणांच्या बाटलीत किंवा मापाच्या पेल्यात.

३. डब्यातलंच माप घ्या. पावडर सैल भरा, डब्याच्या कडेला किंवा कोरड्या, स्वच्छ सुरीच्या पाठीने सपाट करा. दाबून भरायचं नाही, शीग ठेवायची नाही. अशी तीन मापं, मोठ्याने मोजत. मध्ये कुणी हाक मारली आणि मोजणी चुकली तर ते दूध टाकून पुन्हा करा.

४. झाकण लावून गोलगोल हलवा. जोरात घुसळलं तर फेस होतो आणि तीच हवा बाळाच्या पोटात जाते.

५. बंद बाटली वाहत्या नळाखाली किंवा गार पाण्याच्या वाडग्यात धरा. पाणी झाकणाच्या खालीच राहू द्या. बाहेरून पुसून घ्या.

६. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाका. ना गरम, ना गार असं लागलं की तयार.

तीन मापं पडल्यावर दूध ९० च्या खुणेवर न राहता १०० च्या जवळ जातं. हे बरोबर आहे, पावडर जागा घेते. आधी पावडर घालून मग ९० च्या खुणेपर्यंत पाणी भरलं तर पाणी पडतं ८० मिलीच्या आसपास आणि दूध दहा टक्क्यांहून जास्त दाट होतं.

दाट दुधाने काय होतं: कडक शी, तहान, चिडचिड. सतत दाट मिळालं तर रक्तातलं मीठ वाढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. 'वजन वाढत नाही म्हणून एक माप जास्त' हा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका.

पातळ दुधाने काय होतं: बाळाचं पोट भरतं, पण पोषण मिळत नाही. वजन थांबतं. फार पातळ दूध किंवा वरून पाणी मिळालं तर रक्तातलं सोडियम उतरून बाळ सुस्त होतं, झटकेही येऊ शकतात. सहा महिन्यांच्या आत वेगळं पाणी पाजायचं नाही, नागपूरच्या उन्हाळ्यातसुद्धा नाही. तहान वाटली तर थोडं थोडं दूध जास्त वेळा.

परदेशातून आलेला डबा: अमेरिकेतल्या अनेक डब्यांचं माप मोठं असतं, एक माप ६० मिली पाण्याला. मावशीने तिकडून आणलेली पावडर आणि इकडच्या जुन्या डब्यातलं माप अशी अदलाबदल झाली तर दूध निम्म्या ताकदीचं किंवा दुप्पट दाट होतं. माप हरवलं तर अंदाजाने चहाचा चमचा वापरू नका, नवा डबा उघडा. रिकाम्या डब्याबरोबर त्याचं मापही फेकून द्या.

दुधात साखर, मध, बिस्कीट, बाळखीर, बाळगुटी किंवा औषध मिसळायचं नाही. मध तर एक वर्षाच्या आत बोटाला लावूनही नको. त्यातल्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

तपासा, डब्यावरून: फक्त पावडरवर असलेलं ४ किलोचं बाळ दिवसाला सुमारे ६०० मिली दूध पितं. त्याला १८ ते २० मापं लागतात. माप साधारण साडेचार ग्रॅमचं धरलं (डब्यावर नेमका आकडा असतो) तर रोज ८० ते ९० ग्रॅम पावडर. म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा चार-पाच दिवसांत संपायला हवा. तुमच्याकडे तो दहा दिवस पुरत असेल तर दूध पातळ होतंय, किंवा बाळ फारच कमी पितंय. खर्च झेपत नसेल तर डॉक्टरांना तसं मोकळेपणाने सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही, पुरवून पुरवून पातळ पाजणं मात्र बाळाला महागात पडतं.

## टप्पा ७: किती आणि किती वेळा

पहिल्या दिवशी किलोमागे ६० मिली, मग रोज साधारण २० मिलीने वाढवत आठवड्याच्या आसपास किलोमागे १५० मिली. तीन किलोच्या बाळाला पहिल्या दिवशी दिवसभरात १८० मिली, म्हणजे आठ वेळा मिळून एका वेळी २० ते २५ मिली. नवजात बाळाचं पोट एवढंच असतं, ६० मिली कोंबलं तर ते बाहेर येणारच.

४ किलोच्या बाळाचे ६०० मिली आठ वेळांत वाटले तर एका वेळी ७५ मिली. अर्धं माप कधी घालायचं नाही, म्हणून ९० मिली पाण्याचं बनवा आणि उरेल ते ओता. वय वाढतं तसं एका वेळचं प्रमाण वाढतं आणि वेळा कमी होतात. दिवसाला एक लिटरच्या वर सहसा लागू नये. अंगावरचंही चालू असेल तर हा हिशेब तसाच्या तसा लावायचा नाही. वजन आणि ओले लंगोट पाहून ठरवायचं.

सहा महिन्यांनंतर भात-वरणाची पेज, भाज्या, फळं, अंडं सुरू झालं की दूध हळूहळू दिवसाला ५०० ते ६०० मिलीपर्यंत उतरतं.

## टप्पा ८: पाजणं

बाळ भुकेलं आहे हे रडण्याआधी कळतं: तोंड उघडणं, मान वळवून शोधणं, मूठ चोखणं. त्या वेळीच पाजा.

बाटली असेल तर बाळाला मांडीवर अर्धवट बसतं धरा, बाटली जवळजवळ आडवी, बूच दुधाने भरलेलं. दर थोड्या वेळाने थांबा. दुधाच्या घोटांबरोबर कडेने दूध ओघळत असेल, बाळ ठसकत असेल तर भोक मोठं आहे. गाल आत ओढून थकत असेल तर बारीक.

वाटी असेल तर वाटीची कड खालच्या ओठाला टेकवा आणि दूध ओठापर्यंत येईल इतकीच तिरकी करा. बाळ जिभेने स्वतः घेतं. तोंडात ओतायचं नाही. बोंडल्याने पाजतानाही धार सोडायची नाही आणि नाक दाबून पाजण्याचा प्रकार कधीच करायचा नाही, दूध श्वासनलिकेत जातं.

मध्ये एकदा आणि शेवटी ढेकर काढा. तोंड फिरवलं, हात सैल पडले की पुरे. 'एवढं राहिलंय, संपव' म्हणून आग्रह नको.

सावधान: बाटली उशीला टेकवून बाळाला एकटं ठेवू नका. ठसका लागल्यावर बाळ तोंड बाजूला घेऊ शकत नाही. झोपेत तोंडात बाटली राहिली तर दात येताच किडतात आणि कानाचे संसर्गही वाढतात.

## टप्पा ९: उरलेलं दूध, डबा आणि प्रवास

- बाळाच्या तोंडाला लागलेलं दूध: पाजायला सुरुवात केल्यापासून एक तासाच्या आत संपवा, उरलं तर ओता. लाळेतले जंतू दुधात गेलेले असतात, फ्रीजमध्ये ठेवूनही ते दूध वाचत नाही.
- न उष्टावलेलं, बाहेर ठेवलेलं: दोन तास. कडक उन्हाळ्यात त्याहूनही कमी.
- ताबडतोब गार करून फ्रीजच्या मागच्या भागात ठेवलेलं: २४ तास, तेही फ्रीज ५ अंशांखाली असेल तर. दारातल्या कप्प्यात ठेवू नका. दिवसातून चार तास वीज जाणाऱ्या गावात हा मार्ग नकोच, प्रत्येक वेळी ताजं बनवा.
- फ्रीजमधलं दूध गरम पाण्याच्या वाडग्यात १५ मिनिटांच्या आत कोमट करा. मायक्रोवेव्हमध्ये नको: बाटली बाहेरून कोमट लागते आणि मधला घोट तोंड भाजतो.

उघडलेल्या डब्यावर तारीख लिहा. तो किती दिवसांत संपवायचा हे डब्यावर असतं, साधारण तीन-चार आठवडे. अंगावरच्या दुधाला जोड म्हणून पावडर देणाऱ्यांकडे डबा रेंगाळतो, त्यांनी छोटा डबा घ्यावा. डबा फ्रीजमध्ये ठेवला तर आत ओल धरते. कोकणातल्या पावसाळ्यात ओलं माप आत टाकलं तर दोन दिवसांत गाठी होतात. दाबूनही न फुटणाऱ्या गाठी, वास किंवा रंग बदललेली पावडर वापरू नका. खोक्यातली पिशवी असेल तर ती घट्ट दुमडून हवाबंद कोरड्या डब्यात ठेवा, आणि खोक्याचा तारीख-बॅचचा तुकडा कापून त्यातच घाला.

प्रवासात तयार दूध नेऊ नका. मोजलेली पावडर निर्जंतुक कोरड्या डब्यांत, एका वेळची एकात, आणि गरम पाणी थर्मासमध्ये. रेल्वेत किंवा एसटी स्थानकावरच्या टपरीत मिळणाऱ्या 'गरम पाण्या'वर बाळाचं दूध बनवू नका.

## टप्पा १०: मानवतंय का, आणि कधी धावायचं

पावडरवरच्या बाळाची शी अंगावरच्या बाळापेक्षा घट्ट, पिवळट-तपकिरी आणि लोहामुळे कधी हिरवट असते. याची काळजी नको. बाळ हसत-खेळत असेल तर थोडी गुळणीही चालते. खड्यांसारखी शी होत असेल तर आधी माप आणि पाणी तपासा, मग डॉक्टरांना विचारा.

वजन पहिल्या दोन महिन्यांत निदान दोन आठवड्यांनी एकदा, एकाच काट्यावर, कपडे काढून करा.

पुढचं काही दिसलं तर वाट पाहू नका, त्याच दिवशी, लागलं तर रात्रीच दवाखाना गाठा:

- तीन महिन्यांच्या आत ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, किंवा अंग गार पडणं.
- दूध ओढायचं सोडून देणं, उठवूनही न जागणं, कण्हणं, झटके, टाळू फुगणं.
- हिरवी उलटी, जोरात फवाऱ्यासारखी वारंवार उलटी, शीमध्ये रक्त.
- पांढरी, खडूसारखी शी. हे यकृताच्या नलिकांच्या आजाराचं लक्षण असू शकतं आणि त्यात दिवस महत्त्वाचे असतात.
- सहा-आठ तास लंगोट कोरडा, टाळू खोल गेलेली, कोरडं तोंड.
- ओठ किंवा नखं निळसर.

जाताना डबा, माप आणि वापरलेल्या पाण्याची माहिती बरोबर न्या. दूध कसं बनवता हे डॉक्टरांना करून दाखवा. कित्येकदा चूक तिथेच सापडते.

## टप्पा ११: एक वर्षानंतर

बारा महिने झाले की पावडर बंद करून उकळलेलं साधं गाईचं किंवा म्हशीचं दूध देता येतं, पाणी न घालता. दिवसाला ४०० ते ५०० मिली पुरे. त्याहून जास्त दूध प्यायलं तर मूल जेवत नाही आणि लोह कमी पडून रक्तक्षय होतो. पहिल्या तीन-चार दिवसांत एका वेळची पावडर बदला, मग दुसऱ्या वेळची. अंगावरचं दूध चालू असेल तर ते दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवा. बाटली याच काळात सोडवा: आधी दुपारची, मग सकाळची, शेवटी झोपायच्या वेळची, आणि प्रत्येक वेळी तिच्या जागी पेला. दीड वर्षापर्यंत बाटली घरातून गेलेली असावी.